कळंब्यातलं तळघर, लाखाचं बजेट आणि पूल टेबल : सल्ला हवा

कळंबेकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय ते आज लिहितो. आमचं घर कोल्हापुरात कळंब्याला उतारावर आहे, त्यामुळे बांधतानाच खाली एक तळघर निघालं. सहा वर्षं तिथं जुनी कपाटं, गणपतीची आरास आणि तांदळाची पोती एवढंच पडून आहे. आता ते रिकामं करून पूल टेबल बसवायचं ठरवलंय.

कारण बाबा. ते ७२ वर्षांचे आहेत. फाउंड्रीत नोकरी लागायच्या आधी तीन वर्षं ते एका क्लबात बिलियर्ड्सचे मार्कर होते. मार्कर म्हणजे गुण मांडणारा, बॉल उचलून जागेवर ठेवणारा, रात्री टेबलावर कापड घासून चादर घालणारा. मेंबर लोक घरी गेले, की चादर घालायच्या आधी अर्धा तास त्यांना स्वतःला खेळायला मिळायचं. त्या अर्ध्या तासातले शॉट ते आजही हाताच्या कोनासकट सांगतात. डिसेंबरात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी काढल्यावर डॉक्टरांना पहिलं वाक्य म्हणाले, "आता लांबचा बॉल दिसंल." ते ऐकल्यापासून मला चैन नाही.

बजेट सगळं मिळून १ लाख. त्यात टेबल, आणणं, बसवणं, बॉल, क्यू (बॉल मारायची काठी), दिवा सगळं आलं. आत्तापर्यंत तीन पर्याय दिसलेत. ऑनलाइन ८ फुटी नवं टेबल, एमडीएफच्या (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या) फळीचं, ६२ हजार. एका विक्रेत्याकडं ८ फुटी, 'इंडियन मार्बल'चं, १ लाख ३५ हजार, ते बजेटबाहेर आहे. आणि पार्लरमधून निघालेली जुनी टेबलं, ज्यांचं मला काहीच कळत नाही. कुणी घरात बसवलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

क्यू_आणि_चॉक

बाबांसाठी करताय हे वाचून फार बरं वाटलं. टेबलाचं नंतर बोलू. आधी टेप घेऊन खाली जा.

पूलची टेबलं ७, ८ आणि ९ फुटी अशी मिळतात. हे आकडे बोलायचे आहेत. कुशन म्हणजे टेबलाच्या कडेची रबरी पट्टी, नाक म्हणजे तिची आत आलेली धार. खरं माप बघायचं ते कुशनच्या नाकापासून समोरच्या कुशनच्या नाकापर्यंत. ७ फुटीचं ते ३९ बाय ७८ इंच, ८ फुटीचं ४४ बाय ८८, ९ फुटीचं ५० बाय १००. लांबी नेहमी रुंदीच्या दुप्पट. साधी क्यू ५७-५८ इंचांची असते. बॉल कुशनला चिकटला असला, की अख्खी क्यू टेबलाबाहेर जाते आणि वर हात मागं न्यायला चार-सहा इंच लागतात. म्हणजे खेळायच्या मापात दोन्ही बाजूंनी साधारण ६२-६४ इंच धरायचे. हा हिशेब न करता टेबल घेतलेली दोन घरं मी पाहिलीत. दोन्हीकडं भिंतीच्या गिलाव्यावर क्यूच्या बुडाचे खड्डे आहेत आणि टेबलावर कपडे वाळत घातलेत.

मुलानं नववीत असताना हट्ट केला म्हणून आम्ही घेतलं होतं, त्यातनं शिकलो ते सांगतोय. खोलीची लांबी, रुंदी, उंची, मध्ये येणारा कॉलम, बीम, जिन्याची रुंदी आणि जिन्याचं वळण, एवढं लिहा.

कळंबेकर (धागाकर्ता)

मोजून आलो. आतून आतून लांबी २० फूट, रुंदी साडेतेरा फूट. उंची ८ फूट. एका लांब भिंतीला ९ इंची कॉलम पुढं आलाय. तो जिन्याकडच्या भिंतीपासून ५ फुटांवर आहे. जिना ३ फूट रुंद, अकरा पायऱ्या, मध्ये काटकोनात वळण.

उद्यमनगरी

भावा, माप दिलंस हे बरं केलंस. आता बघ.

साडेतेरा फूट म्हणजे १६२ इंच. ८ फुटी टेबल ठेवलं तर १६२ वजा ४४, ११८ उरतात, एका बाजूला ५९. क्यूच ५८ ची. कागदावर बसतंय, पण हात मागं घ्यायला एक इंच. ते चालायचं नाही. ७ फुटी ठेवलं तर १६२ वजा ३९, एका बाजूला साडेएकसष्ट. हे बसतंय. एखादी ५२ इंची क्यू कोपऱ्यात ठेवून दे, अडल्यावर उपयोगी पडेल.

कॉलमचं टेन्शन घेऊ नकोस. लांबीला तुझ्याकडं २४० इंच आहेत, लागतात २०० च्या आसपास. टेबल मध्यावर ठेवायचंच नाही. जिन्याच्या विरुद्ध भिंतीकडं सरकव. त्या भिंतीपासून ६२ इंच सोडले, की टेबलाचं खेळायचं अंग १४० इंचांवर संपतं. कॉलम चालू होतो १७१ वर. म्हणजे टेबल संपल्यावर अडीच फुटांनी कॉलम. मध्ये येत नाही, आणि जिन्याकडं दोन खुर्च्या, एक बाकडं टाकायला जागा मिळते. ८ फुटीचा विचार सोडून दे.

वजनाचंही सांगतो, कारण लोक इथंच फसतात. चांगल्या टेबलाचा तळ स्लेटचा असतो, म्हणजे पाटीचा दगड, मशीनवर घासून सपाट केलेला, साधारण एक इंच जाड. ७ फुटीला पाट साधारण ४४ बाय ८४ इंच धर. घनता पाण्याच्या पावणेतीनपट. हिशेब केला तर १६५ किलो येतात, नुसत्या दगडाचे. तो तीन तुकड्यांत असेल तर एक तुकडा ५५ किलोचा, दोन माणसं आरामात नेतात. अखंड एका तुकड्यात असेल तर ती १६५ किलोची शिळा तुझ्या काटकोनी जिन्यातनं वळणार न्हाई. नाणं टाकून खेळायची जी छोटी पार्लर टेबलं असतात त्यात अखंड स्लेट खूपदा असते. घेण्याआधी खाली वाकून बघ, सांधे दिसतात का.

शाहूपुरीची_सून

दगड, माप सगळं ठीक. मला एकच विचारायचंय. पाणी?

आमच्याकडं २०१९ च्या ऑगस्टमध्ये तळघरात पूल टेबल होतं. दिरांनी हौसेनं घेतलेलं, एमडीएफचं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका, हे आकडे आम्हाला पाढ्यासारखे पाठ. पण त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आम्ही गहू, कागदपत्रं, सासूबाईंची शिलाई मशीन वर नेली. टेबल कोण नेणार? आठ दिवसांनी पाणी उतरल्यावर खाली गेलो तेव्हा त्या टेबलाच्या कडा भिजलेल्या टोस्टसारख्या फुगल्या होत्या. बोट लावलं की भुगा हातात. हिरव्या कापडावर चिखलाची साय धरलेली, आणि सहाही पॉकेटांच्या जाळ्यांत चिखलात रुतलेले बॉल. दिरांनी ते बॉल एकेक करून बादलीत धुतले. बॉलना काहीही झालं नव्हतं. ते अजून आहेत. टेबल मात्र फावड्यानं भरून ट्रॉलीत टाकावं लागलं. २०२१ ला परत तेवढंच पाणी आलं, तेव्हा खाली काहीच नव्हतं.

कळंबा उंचावर आहे, नदीचं पाणी तुमच्याकडं यायचं नाही. तरी हा धागा इतरही वाचतील म्हणून लिहिते. दुधाळी, सुतारवाडा, कुंभार गल्ली, नागाळा पार्क, व्हीनस कॉर्नरच्या बाजूला कुणी तळघरात टेबल ठेवणार असेल तर आधी पूररेषा बघा. निळी रेषा, लाल रेषा आपल्या घराच्या कुठून जाते ते माहीत असू द्या.

आणि कळंबेकर, तुमच्याकडं पुराचं नाही तरी उताराचं पाणी असणार. डोंगराकडच्या भिंतीला लोणा लागलाय का? पांढरी पावडर सुटते तसा?

आणखी एक, राहवत नाही म्हणून. अकरा पायऱ्या आणि वळण. बाबा उतरतात का?

कळंबेकर (धागाकर्ता)

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न वाचून मी दहा मिनिटं नुसता बसलो. नाही, गेल्या दोन वर्षांत ते तळघरात उतरलेले नाहीत. गुडघे दुखतात. उतरता येतं, पण जिन्याला कठडा फक्त एका बाजूला आहे आणि वळणावर अंधार आहे. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

लोणा आहे. मागच्या भिंतीला, जमिनीपासून फूटभर.

गवंड्याचा_पोर

कठडा दोन्ही बाजूंनी करा. दीड इंची गोल पाईप, मुठीत मावेल असा. चौकोनी नको, म्हाताऱ्या माणसाची पकड बसत नाही. वळणावर दिवा, त्याचं बटण वर आणि खाली दोन्हीकडं. पायऱ्यांच्या नाकाला खरबरीत पट्टी.

ओलीचं : दोन फूट बाय दोन फूट जाड प्लॅस्टिक घ्या, फरशीवर चारी कडांनी चिकटपट्टीनं पक्कं बंद करा, दोन दिवस ठेवा. काढल्यावर खाली पाणी किंवा काळपट डाग दिसला तर फरशीतनं ओल चढतेय. भिंतीवरही असंच करून बघा. आतनं नुसता रंग मारून ओल थांबत नाही, पुढच्या पावसाळ्यात पापुद्रा सुटतो. उताराकडनं येणारं पाणी बाहेरच अडवायचं. भिंतीला लागून चर काढून खडी आणि छिद्राचा पाईप टाका, पाणी घराच्या कडेनं खाली जाऊ दे. आधी हे. टेबल दिवाळीला घ्या, काही बिघडत नाही.

घाटमाथा

वेगळं मत मांडतो. लाखभर रुपये आणि एवढा खटाटोप. त्यापेक्षा बाबांना आठवड्यातून दोनदा एखाद्या चांगल्या पार्लरमध्ये नेलं तर? वर्षानुवर्षं त्या पैशात खेळतील, चार माणसं भेटतील.

कळंबेकर (धागाकर्ता)

दादा, नेलं होतं. गाण्यांचा आवाज एवढा, की बॉलचा आवाज ऐकू येत नव्हता. बाबा म्हणाले, आवाज ऐकल्याशिवाय शॉट कसा लागला ते कळत नाही. दोनच गेम खेळून उठले. पोरं चांगली होती, त्यांनी खुर्ची दिली. पण ते परत चला म्हणाले नाहीत.

कडेपठार

माझं टेबल सात वर्षं झाली, इंडियन मार्बलचं आहे. मार्बल एकदम टाकाऊ नाही. जाड आणि नीट घासलेला असेल तर खेळायला चांगला लागतो. अडचण अशी, की 'नीट घासलेला' हे प्रत्येक ठिकाणी खरं नसतं, आणि कापड चढल्यावर तुम्हाला बघताही येत नाही. स्लेट म्हणजे इटली, ब्राझील, चीनकडची, ती टेबलासाठीच म्हणून घासलेली, भोकं पाडलेली येते. एमडीएफ तुमच्या तळघरात अजिबात नको. एकदा फुगलं की परत बसत नाही. आपल्याकडं जून ते सप्टेंबर हवेतच एवढं पाणी असतं, की पूर यायची गरज नाही.

रंकाळा_सांज

आमच्या ओळखीच्या एकानं ओट्याचा कडप्पा आणून त्यावर कापड ताणलं होतं, स्वस्तात पडतं म्हणून. तसं करता येईल का? कळंबेकरांचं बरंच वाचेल.

उद्यमनगरी

नको. कडप्पा चुनखडीचा दगड. ओट्यावर ताट ठेवायला सपाट दिसतो तेवढाच सपाट. टेबलाला जी सपाटी लागते ती नुसत्या डोळ्याला दिसत नाही. स्पर्धेच्या टेबलाला लांबीत इंचाचे हजार भाग केले तर वीस भागांपेक्षा जास्त फरक चालत नाही, आणि रुंदीत दहा. वहीच्या दोन-तीन कागदांएवढा. घरच्या टेबलाला तेवढं कोण मोजत नाही, पण हळू सोडलेला बॉल मोजतो.

क्यू_आणि_चॉक

मग ठरलं : ७ फुटी, तीन तुकड्यांची स्लेट, जुनं. आता जुनं कसं बघायचं ते लिहितो, वेळ लागला तरी चालेल.

कापडावर जाऊ नका. कापड फाटलेलं असेल तर उलट चांगलं, भाव पाडता येतो. ते बदलायचंच आहे. बघायचं ते कुशन. रबर आत असतं, वर कापड. अंगठ्यानं नाकावर दाबा. चांगलं रबर दबतं आणि लगेच परत येतं. मेलेलं रबर दगडासारखं लागतं. मग बॉल लांबीला जोरात मारा आणि टेबलाच्या किती लांब्या धावतो ते मोजा. चार लांब्या मिळाल्या तर रबर जिवंत आहे. बॉल कुशनला लागल्यावर एखाद्याच ठिकाणी 'ठप्प' असा पोकळ आवाज आला तर तिथं रबर लाकडापासनं सुटलंय.

दुसरं, कुशनच्या नाकाची उंची. पार्लरमध्ये इंग्लिश पूलची टेबलं असतात, त्यांचे बॉल लहान, दोन इंची. अमेरिकन पूलचे सव्वादोन इंची, म्हणजे ५७ मिलिमीटर. नाक बॉलच्या उंचीच्या साधारण ६३ टक्क्यांवर हवं. मोठ्या बॉलला स्लेटपासून ३६ मिलिमीटर. पट्टी घेऊन जा आणि मोजा. नाक खाली असेल तर बॉल उडतो, वर असेल तर बॉल दाबला जातो आणि मरतो. लहान बॉलच्या टेबलावर मोठे बॉल आणून टाकले की नेमकं हेच होतं, आणि मग लोक टेबलाला दोष देतात.

बॉल वजनावर घ्या. एक बॉल १५६ ते १७० ग्रॅम. सोळाच्या सोळा जवळपास एका वजनाचे हवेत. गुजरीत कुणी ओळखीचा सराफ असेल तर त्याच्या काट्यावर ठेवून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. फिनॉलिक रेझिनचे बॉल महाग, पण टिकतात. बेल्जियमचे अरामिथ त्यातलेच. स्वस्त पॉलिस्टरच्या बॉलना वर्षभरात टवके पडतात.

क्यू डोळ्याला लावून बंदुकीसारखी बघा, बाक दिसतो. टिप १३ मिलिमीटरची. आणि कॅरमची सवय असलेल्यांनी हाताला पावडर लावून टेबलाजवळ येऊ नये. कापडात बसली की निघत नाही.

कळंबेकर (धागाकर्ता)

पाच आठवड्यांनी लिहितोय. चर काढून झाली, कठडा बसला. प्लॅस्टिकखाली पहिल्यांदा थेंब होते. चरीनंतर एक मोठा वळीव झाला, त्यानंतर परत लावून बघितलं, कोरडं निघालं.

मागच्या रविवारी इचलकरंजीला एक टेबल बघायला गेलो, बाबांना घेऊन. पार्लर बंद होत होतं. मी पट्टी घेऊन कुशन मोजायला लागलो. बाबांनी क्यूला हातही लावला नाही. त्यांनी एक बॉल खालच्या कुशनला टेकवला आणि तळहातानं, पाळणा हलवावा तेवढ्याच जोरानं, पुढं सोडला. बॉल सरळ निघाला, सरळ गेला, आणि पार शेवटच्या वीतभर अंतरात डावीकडं कलला. बाबा काही बोलले नाहीत. चालत पलीकडं गेले, तिथनं उलटा सोडला. तेव्हा तो उजवीकडं गेला, म्हणजे दोन्ही वेळा रस्त्याकडच्या भिंतीकडंच. मग म्हणाले, "टेबल वाईट न्हाई. जमीन कललीय. टेबल वाकडं असतं तर दोन येळला दोन भिंतींकडं गेला असता." मालक बघतच राहिला.

पण उद्यमनगरी यांचं ऐकून मी खाली वाकलो. सांधा नाही. अखंड स्लेट. परत आलो. येताना बाबा गाडीत म्हणाले, "एवढ्या दिवसांनी हात लागला, बास की." मला बास नाही.

शाहूपुरीची_सून

बाबा तुमच्याबरोबर गेले हे वाचून डोळे भरले. शोधत राहा. दिरांनी सांगितलंय, बॉल लागले तर घेऊन जा. पण ते लहान आहेत, दोन इंची, आत्ताच पट्टीनं मोजले.

कळंबेकर (धागाकर्ता)

टेबल मिळालं! सांगलीत. ७ फुटी, स्लेट तीन तुकडे, नाक ३६ मिलिमीटर, एका आखूड कुशनला 'ठप्प' आवाज. तो आवाज दाखवून भाव ४८ हजारांवर आणला. सोडवताना प्रत्येक बोल्टला आणि स्लेटच्या प्रत्येक तुकड्याला खडूनं नंबर घातले आणि फोटो काढून ठेवले. टेम्पोत स्लेटचे तुकडे आडवे टाकले नाहीत, कडेवर उभे ठेवले, मध्ये गोधड्या. आमच्या दोन चांगल्या गोधड्या त्यात गेल्या, आईनं स्वतः काढून दिल्या.

बसवायचा दिवस लिहितोच. मिस्त्री सकाळी नऊला आला. उद्यमनगरी दादांनी पायांखाली घालायला १६ मिलिमीटरचे बोल्ट आणि चार इंची प्लेटा लेथवर करून पाठवल्या होत्या, त्यांनी पैसे घेतले नाहीत, इथं सगळ्यांसमोर आभार मानतो. आधी सांगाडा लेव्हल केला, मग स्लेट. मिस्त्री पाणसळ आडवी, उभी, तिरपी ठेवून बघायचा आणि बुडबुडा जिकडं सरकेल त्याच्या उलट बाजूला स्लेटखाली पत्ता सरकवायचा. खेळायचा पत्ता. अख्खा कॅट आणला होता त्यानं. एका सांध्याला बदामाची दुर्री आणि चौकटचा गुलाम गेले तेव्हा दोन तुकडे एकमेकांना लागले. मग सांध्यात मेण वितळवून ओतलं आणि थंड झाल्यावर पत्र्यानं तासलं. बाबा खुर्चीवर बसून होते. मिस्त्रीनं झालं म्हटल्यावर उठले, डोळे मिटले आणि सांध्यावरनं नख फिरवलं. एका जागी थांबले. "हितं." मिस्त्रीनं ते परत तासलं.

कापड मी बिनलवीचं, जलद घेणार होतो. बाबांनी लवीचंच मागितलं, लोकरीचं. लव खालच्या बाजूकडनं वरच्या बाजूकडं, ब्रशही त्याच दिशेनं, कधी उलटा नाही. क्लबात रात्री ते हेच करायचे. आता रोज करतात.

हिशेबही सांगतो. टेबल ४८ हजार, टेम्पो आणि हमाली साडेसहा, मिस्त्री १०, कापड साडेनऊ, बॉल ६, क्यू साडेतीन, दिवा २२००, कठडा साडेपाच हजार. ९१,२०० झाले. चरीचा खर्च घराचा म्हणून वेगळा धरला, तो असाही करायचाच होता. दिवा म्हणजे एका फळीवर चार-चार फुटी दोन एलईडी ट्यूब एका ओळीत, टेबलापासून ३४ इंच वर. मध्ये एकच बल्ब लावला होता पहिले दोन दिवस, तेव्हा प्रत्येक बॉलची सावली लांब पडायची आणि बाबांचा अंदाज चुकायचा.

कडेपठार

अभिनंदन! पावसाळ्यात रेक्झिनचं कव्हर चोवीस तास घालू नका, आत घाम धरतो. सुती चादर घाला. आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ मिळतं, भिंतीला लावा. ६० च्या वर गेलं की पंखा चालू. बॉल संथ पळायला लागले तर कापडानं ओल धरलीय असं समजा.

घाटमाथा

माझं मत चुकलं होतं, मनापासून सांगतो. एक कुतूहल : बाबांनी आयुष्यभर बिलियर्ड्स बघितलं. ते १२ फुटी टेबल, तीन बॉल. त्यांना पूल आवडतं का?

कळंबेकर (धागाकर्ता)

हाच प्रश्न मला पहिल्या रात्री पडला होता. १२ फुटी टेबलाला खोलीच २२ बाय १६ लागते, ते आपल्या नशिबात नव्हतं. मी सोळा बॉल त्रिकोणात लावले, ब्रेक केला. बाबा दोन-तीन शॉट खेळले. चांगले खेळले, पण मन नव्हतं, ते माझ्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसातनं आलो तर खालनं बॉलचा आवाज येत होता. एकेकच, थांबून थांबून. उतरलो. टेबलावर तीनच बॉल होते. पांढरा, एक नंबरचा पिवळा आणि तीन नंबरचा लाल. बाकीचे तेरा खोक्यात घालून खोकं बाकड्याखाली सरकवलेलं. पॉकेटं सहाच की, म्हणाले, बिलियर्ड्सला आणि काय लागतं? पांढऱ्यानं दोन्ही बॉलना स्पर्श केला तर दोन गुण, लाल पॉकेट केला तर तीन, लालला लागून आपला बॉल आत गेला तरी तीन. माझ्या मुलीला, ती पाचवीत आहे, त्यांनी विल्सन जोन्सची गोष्ट सांगितली : पुण्यात जन्मलेला माणूस, १९५८ साली कलकत्त्यात जगज्जेता झाला. बाबा तेव्हा खूप लहान होते, क्लबात जुन्या मेंबरांच्या तोंडून त्यांनी ते ऐकलं होतं.

आता रोज साडेसहाला दोघं खाली असतात. कठड्याला धरून बाबा पुढं, ती मागं. भिंतीवर तिनं पाटी टांगलीय. तिला अजून क्यू नीट धरता येत नाही, म्हणून खडू तिच्याकडं आहे. काल मी जिन्यातच थांबून ऐकलं. आवाज झाला, दोन बॉल एकमेकांना लागल्याचा, मग जरा वेळानं तिसरा, आणि पाटीवर खडू ओढल्याचा. "आजोबा, दोन. एकूण सत्तावीस."

५२ इंची क्यू कुणाकडं जादा असेल तर सांगा, तिच्यासाठी हवीय.